रेडिमेड प्लास्टिक सेप्टिक टाकी: सड्यावर, पुळणीत आणि खाजणात कशी ठरते

कोकणात घर बांधायला काढलं की हार्डवेअरच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती लिटरची देऊ?" लिटर माणसांवरून ठरतात. टाकी जागेवर राहणार की पहिल्याच आषाढात जमिनीतून वर येणार, हे मात्र खालची जमीन ठरवते, आणि दुकानात त्याबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून हा रिव्ह्यू एका ब्रँडचा नाही. रोटोमोल्ड पद्धतीच्या (फिरत्या साच्यात बनवलेल्या, बिनसांध्याच्या), दोन-तीन कप्प्यांच्या, १००० ते ३००० लिटरच्या ज्या टाक्या सध्या सगळीकडे मिळतात, त्या कोकणातल्या निरनिराळ्या जमिनीत, म्हणजे सड्यावर (जांभ्याचं उघडं पठार), पुळणीत (समुद्रकाठची वाळू) आणि खाजणात (खाडीकाठची खारी चिखलट जमीन) कशा वागतात ते इथे दिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. वस्तू म्हणून टाकी चांगली आहे. गळत नाही, गंजत नाही, खाऱ्या जमिनीत सळईच्या काँक्रीटपेक्षा जास्त टिकते, आणि चिऱ्याच्या बिनतळाच्या टाकीपेक्षा तर शंभर पटींनी बरी. आपल्याकडे 'सेप्टिक टाकी' म्हणून जे बांधलं जातं ते पुष्कळ ठिकाणी चिऱ्याच्या चार भिंती आणि खाली उघडी जमीन असं असतं. ती टाकी नव्हे, तो संडासाचा खड्डा. चिरा म्हणजे जांभा दगड, आणि जांभा पाणी पितो, त्यामुळे आतून १:३ सिमेंटचा किमान १२ मिलिमीटर गिलावा आणि खाली काँक्रीटचा तळ नसेल तर घाण थेट विहिरीच्या वाटेला लागते. प्लास्टिकची टाकी हा प्रश्न एका दिवसात सोडवते. पण तिच्याबरोबर दोन नवे प्रश्न येतात: ती हलकी आहे, आणि तिच्यातून बाहेर पडणारं पाणी कुठे जिरवायचं याचं उत्तर बॉक्समध्ये येत नाही.

किती लिटरची घ्यावी

आयएस २४७० (भाग १) या सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांना, दर दोन वर्षांनी उपसा धरून, १.५ × ०.७५ मीटर आणि १ मीटर पाण्याची खोली पुरते, म्हणजे साधारण ११०० लिटर. दहा माणसांना २ × ०.९ × १ मीटर, म्हणजे १८०० लिटर. आता कोकणातलं घर डोळ्यासमोर आणा. वर्षभर दोन म्हातारी माणसं, मे महिन्यात बारा, गणपतीत वीस. हिशेब गणपतीचा धरायचा. कारण चाकरमानी येतात ते भाद्रपदात, आणि तेव्हाच जमीन पाण्याने भरलेली असते. ज्या आठवड्यात टाकीत सगळ्यात जास्त पाणी येतं त्याच आठवड्यात जमीन सगळ्यात कमी पाणी घेते. एप्रिलमध्ये उत्तम चाललेली व्यवस्था गौरी जेवायच्या दिवशी न्हाणीतून उलटी येते ती यामुळेच. दोन माणसांच्या घरालाही २००० लिटरच्या खाली जाऊ नका.

न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी टाकीत सोडू नका. ते वेगळ्या पाटाने केळी-माडांना द्या. टाकीत गाळ बसायला पाणी स्थिर राहावं लागतं. बादल्यांनी साबणाचं पाणी ओतत राहिलं की गाळ ढवळून पुढच्या शोषखड्ड्यात (टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) जातो आणि खड्डा कायमचा बुजतो.

आधी एक चाचणी-खड्डा

टाकीचे पैसे देण्याआधी जेसीबीचा एक तास विकत घ्या. शोषखड्डा जिथे यायचा आहे तिथे आठ फूट खोल खड्डा मारा आणि कापलेली बाजू ताजी असताना नीट बघा. वरचा वीत-दीड वीत काळसर थर ही खरी माती. ती वेगळ्या ढिगात ठेवायला सांगा. सड्यावर तेवढीच माती असते आणि परसबागेला तीच लागणार आहे. खालच्या ढेपा तिच्यात मिसळल्या तर भाजीला पुन्हा माती विकत आणावी लागते. माती परीक्षणाचा नमुना घ्यायचा तर तोही याच वरच्या थरातून घ्या. जांभ्याची लाल माती बहुधा आम्ल असते आणि घातलेलं स्फुरद धरून बसते, त्यामुळे खत टाकण्याआधी सामू (पीएच) कळलेला बरा.

मग रंग बघा. एकसारखा तांबडा किंवा विटकरी रंग म्हणजे तिथे हवा खेळते, पाणी येतं आणि निघून जातं. राखाडी मातीत गंजासारखे नारिंगी ठिपके, किंवा जुन्या मुळांच्या वाटेने नारिंगी रेघा दिसल्या, तर पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत चढतं आणि महिनोन्‌महिने थांबतं. खड्डा एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत असला तरी हे ठिपके खोटं बोलत नाहीत. सगळ्यात वरचा ठिपका जमिनीपासून किती खाली आहे ते टेपने मोजून लिहून ठेवा. या सगळ्या कामात इतका उपयोगी दुसरा आकडा नाही. शेजारच्या विहिरीत भर श्रावणात पाणी कुठवर येतं ते विचारून हा आकडा ताडून बघा.

शेवटी मूठभर माती भिजवून मळा आणि अंगठ्याने बोटावरून पट्टीसारखी पुढे सरकवा. दोन इंचांपेक्षा लांब पट्टी न तुटता निघाली तर ती चिकणमाती आहे. तिच्यात शोषखड्डा चालणार नाही.

सडा

इथे सविस्तर लिहितो. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण भागातली बरीच नवी घरं सड्यावर होतात, आणि सड्याबद्दलच सगळ्यात मोठा गैरसमज आहे: कातळ आहे, पाणी थांबतच नाही, टाकी कशाला वर येईल?

जांभा एकसंध दगड नाही. वरचं कवच टणक, त्याखाली मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रं आणि नळ्या असलेला थर, मग मऊ होत जाणारा, आणि त्याच्याही खाली पांढरट-पिवळसर, कधी गुलाबी झाक असलेली बुळबुळीत चिकणमाती. पाणी वरच्या छिद्रांतून झपाट्याने उतरतं आणि या चिकणमातीवर येऊन अडतं. सड्याच्या कडेला, उताराच्या पोटात जे झरे फुटतात ते बहुधा याच सांध्यावर. टाकीसाठी ब्रेकरने फोडलेला खड्डा जर घट्ट भागात आला, किंवा तळ त्या चिकणमातीत गेला, तर तो सड्यावरच्या वाहत्या पाण्याचा हौद बनतो. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो. हा हौद भरायला एक रात्र पुरते.

२००० लिटरची रिकामी टाकी पूर्ण पाण्यात बुडाली तर तिला वर ढकलणारा जोर साधारण दोन टन असतो. टाकीचं स्वतःचं वजन शंभर किलोच्या आतबाहेर. आजूबाजूला भरलेली सैल माती भिजल्यावर फारसं धरून ठेवत नाही. मग टाकी वर येते, आणि येताना पाईपचा सांधा मोडून येते.

यावर उपाय टाकीखालच्या काँक्रीटचा. काँक्रीट पाण्यात बुडालं की घनमीटरमागे त्याचं कामाचं वजन १४०० किलोच उरतं. म्हणजे दोन टनांसाठी साधारण १.४ घनमीटर, गवंड्याच्या भाषेत अर्धा ब्रास काँक्रीट लागतं. ८ फूट × ६.५ फूट × १ फूट स्लॅबमध्ये ते बसतं. स्लॅब टाकीपेक्षा चारी बाजूंनी बाहेर आलेला ठेवा, त्यावर बसणाऱ्या भरावाचं वजन वरकड मिळतं. स्लॅबमध्ये हुक सोडून रुंद पॉलिस्टरच्या पट्ट्यांनी टाकी दोन ठिकाणी बांधा. पट्ट्या टाकीला दिलेल्या खाचांतूनच जाऊ द्या. नायलॉनची दोरी किंवा बांधणीची तार वापरली तर ती प्लास्टिकमध्ये रुतते.

जागेला उतार असेल तर अजून एक काम करा, ते पुष्कळ स्वस्त आहे. खड्ड्याच्या तळातून ७५ मिलिमीटरचा छिद्रांचा पाईप खडीत गुंडाळून उताराला बाहेर काढा. खड्ड्यात शिरलेलं पावसाचं पाणी साठायच्या आतच निघून जाईल. हा पाईप फक्त पावसाच्या पाण्याचा. टाकीच्या आउटलेटशी त्याचा संबंध येता कामा नये.

भरावाची चूक सड्यावर हमखास होते. खड्ड्यातून निघालेले चिऱ्याचे टोकदार तुकडे तिथेच पडलेले असतात आणि गडी तेच परत लोटतात. एक धारदार तुकडा टाकीच्या पोटाला टेकला की वरच्या भाराने वर्ष-दोन वर्षांत तिथे चीर पडते. खड्डा टाकीपेक्षा चहूबाजूंनी वीतभर मोठा घ्या, स्लॅबवर दोन इंच वाळू पसरा, आणि बाजूने क्रश सँड किंवा ६ मिलिमीटरची बारीक खडी भरा. एक फूट भराव, मग टाकीत तेवढंच पाणी, पुन्हा एक फूट भराव, असं वरपर्यंत. नुसता भराव आधी टाकला तर टाकी आत दबते, आणि नुसतं पाणी आधी भरलं तर ती बाहेर फुगते.

सड्यासाठी टाकी निवडताना उंच उभी घेऊ नका, बुटकी आडवी घ्या. ब्रेकरचे तास खोलीबरोबर वाढतात आणि तळ त्या चिकणमातीपासूनही लांब राहतो.

पुळणीवरचं आगर

गुहागर, केळशी, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यात घर, विहीर, नारळ-पोफळी सगळं एका अरुंद, लांबलचक आगरात. या जमिनीला प्लास्टिकची टाकी जितकी लागू पडते तितकी दुसरी कुठलीच नाही. वाळूत बांधकामाची टाकी तडकली की कळतही नाही आणि विहीर हाताच्या अंतरावर असते. खोदताना मात्र बाजू ढासळतात. फळ्यांचा आधार दिल्याशिवाय माणसाला खड्ड्यात उतरवू नका. पाणी लवकर लागतं, म्हणून काँक्रीटचा स्लॅब आणि पट्ट्या इथेही हव्यातच.

खरी अडचण पुढच्या पाण्याची. वाळूतून पाणी मिनिटभरात उतरतं आणि लोक त्यालाच 'उत्तम निचरा' म्हणतात. इतक्या वेगाने उतरलेलं पाणी गाळलं जात नाही. आयएस २४७० (भाग २) पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर अंतर सांगतो. वाळूत याहून जास्तच अंतर ठेवा, आणि खोल शोषखड्ड्याऐवजी दोन फुटांपर्यंतचे उथळ लांब चर काढा. विहिरीच्या वरच्या अंगाला नको, समुद्राच्या बाजूला काढा, कारण जमिनीखालचं गोडं पाणीही बहुधा तिकडेच सरकत असतं. उथळ चरात वरच्या थरातले जिवाणू आणि मुळं पाणी बऱ्यापैकी साफ करतात. अंतर मोजताना शेजाऱ्याची विहीरही धरा. आगरात ती आपल्या विहिरीपेक्षा जवळ निघते.

हाच इशारा सड्यालाही लागू. भेगा-नळ्यांच्या दगडात घाण पाणी फार लांबवर जसंच्या तसं पोचू शकतं, आणि म्हणूनच मानकात भेगाळ खडकात जिरवणीची शिफारस केलेली नाही. जांभ्यात शोषखड्डा करायचाच झाला तर आतून चहूबाजूंनी आणि तळाला एक फूट जाड वाळूचं अस्तर द्या.

खाजण आणि मळा

खाजणात टाकी टिकते, बाकी काहीच टिकत नाही. लोखंडी हुक गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचेच घ्या. चिखल बसत राहतो, घर एका गतीने आणि टाकी दुसऱ्या, त्यामुळे सिमेंटने घट्ट केलेला पाईपचा सांधा तुटतो. तिथे रबर रिंगचा सांधा वापरा. शोषखड्डा इथे करूच नका. उधाणाच्या भरतीला त्यातलं पाणी उलट टाकीकडे येतं. पाण्याची पातळी जमिनीपासून १.८ मीटरच्या आत असेल तर मानक जमिनीवर उचललेल्या भरावातला चर सांगतो. म्हणजे वाळू-मातीचा उंचवटा, त्यात छिद्रांचा पाईप, आणि टाकीतून तिथवर पाणी चढवायला छोटा पंप. भातमळ्याच्या कडेला बांधणाऱ्यांनाही हेच. मळ्यात चार महिने पाणी उभं असतं ते खालच्या चिकणमातीमुळे. शोषखड्डा तिथे जून महिन्यातच भरतो.

जिरण्याची चाचणी

ही घरच्या घरी होते, आणि टाकी बसवून देणारे सहसा करत नाहीत. शोषखड्ड्याच्या नियोजित तळापर्यंत खोल, वीतभर रुंदीचा भोक-खड्डा घ्या. पहारीने बाजू गुळगुळीत झालेल्या असतात, त्या खिळ्याने खरवडा. सुटी माती काढून तळाला ५ सेंटिमीटर खडी टाका. खडीच्या वर एक फूट पाणी भरा आणि रात्रभर तेवढं टिकवा, म्हणजे कमी होईल तसं घालत राहा. सकाळी पाणी खडीच्या वर १५ सेंटिमीटरवर आणा आणि २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. असे किमान तीन खड्डे. जांभ्यात तर तीन हवेतच, कारण चार हातांवर एक खड्डा दोन मिनिटांत रिकामा होतो आणि दुसरा तासभर भरलेला राहतो. चाचणी ऑगस्टमध्ये केली तर उत्तमच. एप्रिल-मेमध्ये करायची असेल तर रात्रभर भिजवणं चुकवू नका, नाहीतर तहानलेली जमीन खोटा आकडा देते.

१० मिनिटं आली तर शोषखड्ड्याची एक चौरस मीटर भिंत दिवसाला साधारण ६५ लिटर घेते, ३० मिनिटं आली तर ३७. दिवसाला ५०० लिटर धरले तर पहिल्या जमिनीला साडेसात-आठ आणि दुसरीला साडेतेरा चौरस मीटर भिंत लागेल. चार फूट व्यासाचा, पाइपाखाली पाच फूट खोल खड्डा साडेपाच चौरस मीटरच्या थोडा वर देतो. म्हणजे एका जमिनीत दोन खड्डे आणि दुसरीत तीन. तळ हिशेबात धरू नका, गाळाने आधी तोच बुजतो. दोन खड्ड्यांमध्ये किमान तीन पट व्यासाचं अंतर ठेवा. ३० मिनिटांच्या वर आकडा गेला तर खड्ड्याचा नाद सोडा, आणि ६० च्या वर गेला तर जमिनीवरची गाळणी व्यवस्था करा. मिनिटाच्या आत पाणी गेलं तर आनंद मानू नका. वाळूचं अस्तर आणि विहिरीपासूनचं अंतर, दोन्ही वाढवा.

दुकानात काय बघावं

झाकण उघडून आत टॉर्च मारा. कप्प्यांमधला पडदा सगळीकडे चिकटलेला आहे का, आउटलेटला खाली वळलेला टी (इंग्रजी T आकाराचा पाईपचा जोड) आहे का, आणि आउटलेट इनलेटपेक्षा दोन इंच खाली आहे का. टी नसलेली टाकी पाण्यावरची साय थेट शोषखड्ड्यात पाठवते. भिंतीची जाडी हाताने दाबून सगळीकडे सारखी वाटली पाहिजे, कोपऱ्यात पातळ नको. झाकण स्क्रूने बंद होणारं हवं, घरात पोरंबाळं असतात. हवेचा पाईप छपराच्या वर नेऊन टोकाला जाळी बांधा, नाहीतर डासांची पैदास होते.

छपरावरची काळी पाण्याची टाकी स्वस्त पडते म्हणून पुरणारे लोक आहेत. ती आतल्या पाण्याचा दाब सोसायला बनलेली असते, बाहेरच्या मातीचा नव्हे. पहिल्या उपशाला ती आत चेपते.

'कधीच उपसावी लागत नाही' या दाव्यावर विश्वास ठेवू नका, मग जिवाणू आतले असोत की पाकिटातले. गाळ साठतोच. दर वर्षी डिसेंबरात काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घाला. काळा डाग पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला की उपसा बोलवा. टाकीची जागा ठरवतानाच टँकरचा पाईप तिथे पोचेल का ते बघा. पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) खालच्या घरांना हे नंतर सुचतं. माणसाला आत उतरवू नका. विषारी वायूने माणूस मिनिटभरात पडतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं हा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

उपसा जानेवारी ते एप्रिलमध्येच करा, आणि टँकर गेल्याबरोबर त्याच दिवशी टाकी पाण्याने भरा. नवी टाकीही तशीच. मेमध्ये पुरली, घराचं काम रेंगाळलं आणि जून उजाडला तरी संडास सुरू झाला नाही, असं दरवर्षी होतं. रिकामी राहिलेली तीच टाकी पहिल्या पावसात वर येते. विहिरीवरून पाईप लावा आणि ती काठोकाठ भरून ठेवा.